मी मेलो आणि बायको ऐकेना

मी वारलो तो रविवारी सकाळी, नेकनूरच्या घरी, चहा व्हायच्या आधी.

त्याचं असं झालं. पूर्वी मी आष्टीत बियाणं विकायचो. (गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं की मला खरा जोर चढायचा!) मग शहरातल्या त्वचापेढीत लागलो. मेलेल्या माणसाची कातडी तिथं जपून ठेवतात आणि भाजलेल्यांना लावतात. घरच्यांची संमती मागायचं काम माझं, पण त्याचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षेत परीक्षक बाई विधवा होऊन रडतात, आपण हळुवार विचारायचं. बाई ‘नाही’ म्हणाल्या आणि मी त्यांना पाऊण तास पटवत बसलो. नापास! पुन्हा तसंच झालं असतं, तर परत बियाणं.

म्हणून संगीताला म्हणालो, “तू जरा माझी विधवा हो.”

“सकाळी सकाळी काय ह्ये अभद्र!”

“अगं, सराव. मी गेलो असं समज, आणि मीच संमती मागायला आलोय.”

ती पदर घेऊन बसली. मी घसा खाकरला. “ताई, तुमच्या मालकांची कातडी...”

“ताई कुनाला म्हंता? आन न्हाई देत!”

“पाठीचा, मांडीचा नुसता पातळ पापुद्रा घेतात, ताई.”

“माझ्या मानसाला कुनी हात लावायचा न्हाई!”

मला राहवेना. “अगं, कातडी माझी हाय! मला द्यायचीय!”

“मेलेली मानसं बोलत नसत्यात! गप ऱ्हावा!”

एवढं बोलली आणि माझ्याकडं बघतच राहिली. मग जो हंबरडा फोडला! “मला सोडून कावून गेलात वोऽ!” शेजारचे रशीदचाचा केळीचा गाडा सोडून धावले. त्यांनी गल्लीभर सांगितलंसुद्धा, लई चांगला मानूस गेला म्हणून!

दारात मला बघून चाचा जागीच थबकले. दंडाला चिमटा काढून बघितला. “जिता हाय की बे तू!”

मी परीक्षेचं सांगितलं. “चाचा, ही ‘न्हाई’च म्हणती. कसं पटवू?”

“पटवतो काय बे? रडतीय ती! पानी दे आन गप बस जवळ.”

बसलो. संगीतानं माझा हात घट्ट धरला. “खरंच नका जाऊ वो.” मलाही रडू फुटलं. एवढा जीव हाय हिचा माझ्यावर, हे मला मेल्यावर कळलं.

परीक्षेत बाई पुन्हा ‘नाही’ म्हणाल्या. जीभ लई शिवशिवली, पण डोळ्यापुढं संगीताच आली. “बरं ताई. तुमचं माणूस, तुमची मर्जी,” म्हणालो आणि उगी बसून राहिलो. पास!

घरी येऊन संगीतापुढं कातडी दान करायचे दोन अर्ज ठेवले, तिचा आणि माझा; माझ्यावरही घरच्यांची म्हणून तिचीच सही लागते. “भाजलेल्या लेकरांना लागती ना? माझी घ्या,” म्हणत तिनं पटकन सही केली. माझा अर्ज मात्र घडी घालून परत दिला. “तुमची न्हाई.”

पटवायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पास झालेल्या माणसाला ती सोय राहत नाही!