बेसवाल्याची पाठ आणि लोखंडी डबा

किश्श्यांचं चिंध्यांसारखं आहे. साड्यांच्या फोल्डिंग खात्यात चिंधी कोणी मुद्दाम कापत नाही, ती पडतच राहते. संध्याकाळी बघावं तर पोतं भरलेलं! आमच्या ऑर्केस्ट्राचंही तसंच. वीस वर्षं झाली. आठवडाभर पांडेसऱ्याला साड्यांच्या घड्या, आणि सुट्टीच्या दिवशी लग्ना-हळदीत बेस गिटार. खरं सांगू? दोन्हींचा कंटाळा आलाय. पण पोतं भरलंय, तर जरा मोकळं करतो.

* * *

बेस वाजवणारा माणूस दिसतो, पण कळत नाही. बमरोलीच्या एका साखरपुड्यात यजमानांनी स्टेजवर येऊन प्रत्येक कलाकाराला गुलाब दिला. गायिकेला दिला. कीबोर्डवाल्या आबांना दिला. ढोलकीवाल्याला दिला. लीड गिटारवाल्या मन्याला तर दोन दिले! माझ्यापाशी आले, गळ्यातल्या गिटारकडे बघितलं, मागच्या अ‍ॅम्पकडे बघितलं आणि हळूच म्हणाले,

"तुम्ही वायरिंगवाले ना? तुमचं जेवण मागच्या बाजूला आहे."

मी जेवलो. भूक लागली होती.

* * *

तो अ‍ॅम्प म्हणजे माझा शत्रू. पोटभर जेवलेल्या माणसाएवढा जड! लिंबायतला एका हळदीसाठी तो तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढवला. जिना इतका अरुंद की अ‍ॅम्प तरी जाईल नाहीतर मी तरी. दोघंही गेलो, पण उतरताना माझी पाठ वरच राहिली.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "काय उचलता?"

"अ‍ॅम्प."

"सोडा. कायमचं सोडा."

"पण डॉक्टर, तो नसला तर माझा आवाजच येत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मनापासून विचारलं, "बासरी का नाही वाजवत?"

* * *

मी आबांच्या घरी गेलो. ऑर्केस्ट्रा त्यांचा, कीबोर्डही त्यांचाच. पाठीचं सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणाले,

"आखाजीलोंग देख. नहीं ते बेस मना डावा हातले दी टाकसू."

आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया, लग्नांचा खरा हंगाम. तोपर्यंत अ‍ॅम्पशिवाय वाजवायची सोय केली नाही, तर बेसचं काम आबांचा डावा हात कीबोर्डवर करणार. वीस वर्षांची नोकरी, आणि बदली कामगार कोण? मालकाचा डावा हात! घरी येईपर्यंत मला रडू येत होतं, हे सांगायला लाज कसली.

* * *

उपाय मन्यानं काढला. तोही माझ्याच खात्यात घड्या घालतो. मन्याला सगळं माहीत असतं. फक्त गाण्याचा सूर कोणता, तेवढं विचारावं लागतं.

"प्रीअ‍ॅम्प पेडल घे! डायरेक्ट आउटवालं! बेसची वायर पेडलमध्ये, पेडलची थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. अ‍ॅम्प घरी झोपेल. आणि डिस्टॉर्शनवालंच घे. आवाज जरा फाटला की छोट्या स्पीकरमधूनही बेस कळतो."

मग आम्ही कोणतं घ्यावं म्हणून व्हिडिओ बघायला लागलो. कुठे? तर चहाच्या सुट्टीत, खात्याच्या दाराशी, मन्याच्या मोबाईलवर. मागे मशीन धडधडतंय, समोर टेम्पो रिव्हर्स घेतोय, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बेसचा आवाज ऐकतोय! एका व्हिडिओत दाढीवाला वाजवतोय, दुसऱ्यात बिनदाढीचा. मोबाईलमधून बेस येतच नाही, नुसती बोटं हलताना दिसतात.

सहा-सात व्हिडिओ झाल्यावर मन्या म्हणाला, "तिसरा एक नंबर! काय घुमला रे!"

परत लावून बघितला. तिसरी बोअरवेलच्या मोटरची जाहिरात होती.

* * *

म्हटलं, दुकानातच जाऊ. गुजराती दुकानदारानं मोठ्या प्रेमानं एक नारिंगी पेडल पुढे ठेवलं.

"पण हे गिटारचं आहे," मी म्हटलं.

"अरे भाई, बेसमां पण चाले! बधुं चाले!"

जोडलं. पायानं दाबलं. खालचा सगळा जाड आवाज पळाला आणि बेसचा मच्छर झाला. मी समजावलं, की मला फाटका आवाज हवाय, पण त्याच्याखाली मूळ आवाजही शाबूत राहायला हवा. तो म्हणाला, ग्राहकांना हल्ली दोन्ही पाहिजे असतं.

शेवटी वरच्या फळीवरून त्यानं एक काळा लोखंडी डबा काढला. त्यावर ब्लेंडचं बटण होतं. फाटका किती, शाबूत किती, ते आपण ठरवायचं. मी खूश झालो. दुकानदारानं डब्यावरची धूळ पुसली, तो उलटा केला आणि डायरेक्ट आउटच्या भोकावर बोट ठेवून, हे कशासाठी असतं, ते मलाच विचारलं,

"आ शेना माटे छे, तमने खबर छे?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुढच्या ग्राहकाला तेच सांगायला लागला.

* * *

घरी बायकोला, सुनंदाला, वाजवून दाखवलं. आधी साधा आवाज, मग डिस्टॉर्शन. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं.

"आवाज फाडनाच व्हता," ती म्हणाली, "ते इतला वरीस नीट कसाले वाजाडं?"

मी डिस्टॉर्शन बंद केलं आणि भाजी निवडायला बसलो.

* * *

आमचे साउंडवाले जिग्नेशभाई. त्यांच्या गोडाऊनमध्ये पेडल पहिल्यांदा मिक्सरला जोडलं, तर स्पीकरमधून घुंऽऽऽ! जिग्नेशभाईंनी तीन वायरी बदलल्या, पंखा बंद केला, प्लग उलटा लावला. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "रबरनी चप्पल पहेरो." घातली. घुंऽऽऽ चालूच.

घरी जाऊन मी पेडलबरोबरचा माहितीचा कागद वाचला. डब्याच्या मागे एक बारीक स्विच होता, घरघर घालवण्यासाठीच दिलेला. दुसऱ्या दिवशी गोडाऊनमध्ये जाऊन तो दाबला आणि स्पीकर एकदम गप्प झाला. जिग्नेशभाई माझ्या पायांकडे बघून हसले.

"जोयुं? चप्पल आजे बराबर छे!"

* * *

आणि मग डिंडोलीचं ते लग्न. भर दुपारचा मुहूर्त, मी अ‍ॅम्पशिवाय, डबा पिशवीत. मिक्सरवर एकच जागा रिकामी होती, ती मला मिळाली. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझा बेस पार जेवणाच्या मंडपात पोचला! वाढपी वळून बघायला लागले. वीस वर्षांत मी स्वतःला इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले.

दोन गाण्यांनंतर नवरीचे मामा पाहुण्यांच्या सत्काराची यादी घेऊन आले. आमच्याकडे लग्न एकवेळ थांबेल, सत्कार थांबत नाही. पण सत्काराच्या माईकची जागा तीच, जिथे मी होतो. मामा तापले. आबांनी डोळे वटारले. जिग्नेशभाईंनी घाईघाईनं डब्यातून माझी वायर उपटली आणि माईकची पिन त्यातच खुपसली.

डिस्टॉर्शन चालू होतं. मामांनी पहिलं नाव घेतलं,

"शिरपूरहून आलेले नवरीचे मावसे..."

असा आवाज निघाला, जसं डोंगराच्या पोटातून कोणी बोलावं! पंगतीत घास थांबले. एक बाळ रडायला लागलं. मी डबा बंद करायला वाकायला गेलो, पण पाठ वाकेना. तेवढ्यात मावसे स्टेजकडे आले. म्हटलं, आता मार.

मावशांनी फेटा सरळ केला आणि हात जोडले. "परत एकदा घ्या."

परत घेतलं. लगेच नवरदेवाचे काका उठले. त्यांच्या पाहुण्यांचा सत्कार सकाळीच साध्या आवाजात झाला होता. "मुलीकडच्यांची नावं अशी भारदस्त, आणि आमची अशीच? वरपक्षाला काही मान?" रुसवा सुरू झाला. मग वरपक्षाची सगळी यादी पहिल्यापासून, डब्यातून! रांग लागली. मी बेस मांडीवर घेऊन अक्षता पडेपर्यंत बसून राहिलो.

चार दिवसांनी आबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. आखाजीच्या आठवड्यातली तीन लग्नं ठरली होती, आणि तिन्ही यजमानांनी डिंडोलीचाच आवाज मागितला होता.

"येतो ना आबा!" मी म्हटलं. "आता काय, ओझंच नाही. कितीही मजले असू देत!"

 आबा फार मायेनं म्हणाले,

"तू कसाले दगदग करस? तो डबा तेवढा धाडी दे."