आधी सांगणाऱ्या सिस्टर

हृदयाच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरना तिथली माणसं पाठीमागे ‘आकाशवाणी’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांची हरकतही नाही. कारण काहीही करण्याआधी त्या रुग्णाला सांगतात. दंडाला पट्टा बांधायचा असला की, “आता आवळेल.” छातीवरची चिकटपट्टी काढायची असली की, “ओढ बसेल, मनातल्या मनात मला शिव्या द्या.” त्यांना न्यायला येणारे त्यांचे यजमान एकदा मला म्हणाले, “लग्नाआधीच सांगितलं होतं हिनं, मला स्वयंपाक येत नाही. मला वाटलं, विनय असेल. कसला विनय! शब्दाला पक्की निघाली.”

माझी त्यांची ओळख झाली ती थोरल्या जाऊबाईंमुळे. जाऊबाईंचं हृदय मधूनच पळत सुटतं. कपडे वाळत घालता घालता ठोके असे उधळतात की मोजणाऱ्याची त्रेधा उडावी. पहिल्यांदा झालं तेव्हा त्या माहेरी होत्या. तिथल्या दवाखान्यात “काही नाही हो, मुंगी चावेल” म्हणून इंजेक्शन दिलं. ते औषध हृदयाला क्षणभर थांबवतं, म्हणजे ते पुन्हा सरळ लयीत सुरू होतं. औषध बरोबरच होतं. पण छाती आवळली, डोळ्यांपुढे काळोख आला आणि जाऊबाईंना वाटलं, संपलं सगळं. बऱ्या झाल्या, पण त्या मुंगीला विसरल्या नाहीत.

दुसऱ्यांदा एका दुपारी इथे आमच्या घरीच झालं आणि आम्ही त्यांना या वॉर्डात आणलं. डॉक्टरांनी त्यांना रिकाम्या सिरिंजमध्ये जोरानं फुंकायला लावलं, मग आडवं करून पाय वर धरले. कधी कधी तेवढ्यानं भागतं म्हणे. भागलं नाही. रक्तदाब उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले, “इंजेक्शन द्यावं लागेल. फार वेळ गेला तर विजेचा झटका द्यावा लागेल.”

जाऊबाईंनी हात चादरीखाली ओढून घेतला. “तेच ना? नको. मला घरी न्या.”

भाऊजींनी आधी विनवलं, मग त्यांचा आवाज चढला. “अगं, लहान मूल आहेस का तू?”

“मग तुम्ही घ्या टोचून!”

तेवढ्यात सिस्टर स्टूल ओढून बसल्या. “मागे घेतलंय वाटतं हे.”

“घेतलंय. मुंगी चावेल म्हणाले होते.”

“मुंगी नाही हो, हत्ती आहे,” सिस्टर म्हणाल्या. “छातीवर पाय देईल. तोंड तापेल, श्वास अडकल्यासारखा वाटेल. वाटेल, गेले आता मी. पण हा हत्ती उभा राहत नाही, चालता असतो. तुम्ही चार-पाच श्वास घ्याल तोवर पुढे गेलेला असेल.”

सासूबाईंना राहवेना. “अहो, आजारी माणसाला घाबरवताय कशाला?”

“आजी, घाबरलेल्याच आहेत त्या. निदान कशाला घाबरायचं ते तरी कळू दे.”

जाऊबाईंनी सिस्टरना विचारलं, “आणि नाही गेला पुढे तर?”

मी मनात देवाचं नाव घेत होते, तेही थांबलं.

“तर त्याची तयारी खाटेशेजारच्या या ढकलगाडीवर आहे. डॉक्टर आहेत, मी आहे. बहुतेक वेळा लागत नाही. कधीच लागत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.”

मला वाटतं, त्या ‘बहुतेक’नंच काम केलं. चादरीतून हात बाहेर आला.

मग सिस्टरनी दम्याचं विचारलं. दमा नव्हता. चहा-कॉफी घेतली का, विचारलं. आम्ही सगळ्यांनी एकसाथ माना हलवल्या. दवाखान्यात काही विचारलं की आधी नाही म्हणून मोकळं व्हायचं, ही आमची रीतच.

“रागवायला नाही विचारत,” सिस्टर म्हणाल्या. “चहा-कॉफीनं हे औषध अडतं. डॉक्टरांना मात्रा ठरवायची आहे.”

सासूबाईंनी पिशवीतला थर्मास पायानं मागे सारला, मग म्हणाल्या, “दोन कप दिला मी. वाट बघून तिचा घसा सुकला होता.”

“कडक?”

“माझ्या हातचा पाणचट होत नाही.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी मात्रा वाढवून घेतली. मग सिरिंज शिरेजवळ धरून सिस्टरच्या इशाऱ्याची वाट पाहत थांबले. “आता देताहेत हं,” सिस्टर म्हणाल्या. औषध गेलं, पाठोपाठ सलाईन गेलं, सिस्टरनी तो हात उंच धरला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. डॉक्टरांची नजर पडद्यावर होती, सिस्टरची जाऊबाईंच्या चेहऱ्यावर.

“आला हत्ती. आहे, आहे. चाललाय बघा.”

रेघेवर एक ठोका उमटला. मग दुसरा. मग सगळे शहाण्यासारखे ओळीनं येऊ लागले. भाऊजी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले.

जाऊबाईंनी डोळे उघडले. “सहा लागले.”

“काय सहा?”

“श्वास. तुम्ही चार-पाच म्हणाला होतात.”

“चुकलं माझं,” सिस्टर म्हणाल्या. “इथून पुढे सहा सांगत जाईन.”

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी गोळ्यांचंही सगळं आधीच सांगितलं. अंग जड वाटेल, उठताना बेतानं उठा, नाडी फार मंद लागली तर गोळी घेण्याआधी फोन करा, आपल्या मनानं बंद करू नका. मी न राहवून विचारलं, ही सवय कुठली? तर म्हणाल्या, “लहानपणी बाबांनी ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेलं आणि दात काढून आणलं. दाताचं दुखणं दोन दिवसांत गेलं. बाबांबरोबर फिरायला जायला मात्र मी वर्षभर तयार नव्हते.”

देवानं माझ्या मागण्याला माणसाच्या रूपानं उत्तर दिलं, असं मी मानते. जाऊबाई असलं काही बोलत नाहीत. त्यांनी दारापाशी वळून एवढंच विचारलं, “पुन्हा होईल का हो?”

“होऊ शकतं. झालं तर लगेच या.”

“येईन,” जाऊबाई म्हणाल्या. “हत्तीला सांगून ठेवा.”