आईकडून आलेल्या अँटीबॉडी

रफीकभाईंनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला आणि बोटाने पुढे सरकवला. अकोल्याच्या एका खासगी लॅबचा होता. वर बाळाचं नाव, सोहेल, आणि खाली लाल शाईत पॉझिटिव्ह. पाच महिन्यांचं ते लेकरू शबानाच्या मांडीवर निवांत झोपलं होतं. नवरा-बायको दोघांच्याही तोंडचं पाणी पळालेलं.

माझं डोकंच सटकलं. अठरा महिन्यांआधी एचआयव्हीची टेस्ट करायची नाही, हे मी त्यांना बजावून सांगितलं होतं. मग अकोल्याला जायची काय गरज होती?

"अमरावतीत समदे वळखीचे हायेत, मॅडम," रफीकभाई म्हणाले. "तिकडं आमाले कोनी वळखत नाई."

मी मूळची अकोल्याची. माझ्या माहेरच्या गावी हे तोंड लपवायला गेले होते. मी चहा सांगितला.

मी तेव्हा अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. आमचं तपासणी केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक फ्रिज, एक सेंट्रिफ्यूज, एक खिडकी, तीही अर्धी बंद. लोडशेडिंग असं की लाइट गेली की टेस्टचे किट वाचवायला मी बर्फाच्या पिशव्या घेऊन धावायचे. पेपर उघडला की पहिल्या पानावर शेतकऱ्याची आत्महत्या, कापूस आणि कीटकनाशकाचा डबा. वाईटच दिवस होते ते. तरी आज त्या खोलीची आठवण आली की ऊर भरून येतो. स्पिरिटचा वास, जिन्यावरून धडधडत जाणारे पाय, आणि दाराशी चप्पल काढून आत येणारी माणसं. चप्पल काढू नका म्हणून मी रोज सांगायचे, कोणी ऐकायचं नाही. आमची काउन्सेलर, म्हणजे पेशंटला समजावून सांगणारी मुलगी, बाळंतपणाच्या रजेवर होती. त्यामुळे रक्तही मीच काढायचे आणि समजावायचेही मीच.

तर त्या दिवशी मी समजावलं. आमची टेस्ट विषाणूला शोधत नाही. विषाणू अंगात शिरला की त्याला पकडायला शरीर जे बनवतं, त्या अँटीबॉडी ती शोधते. आणि बाळ पोटात असताना आईच्या अँटीबॉडी वारेतून त्याच्या रक्तात जातात. गोवराच्या जातात, तशा याही जातात. जन्मानंतर त्या हळूहळू विरतात, दीड वर्षात संपतात. तोवर टेस्ट केली तर ती पॉझिटिव्हच येणार, मग बाळाला विषाणू लागलेला असो की नसो.

"म्हणजे हा रिपोर्ट सोहेलचा नाही, शबानाचा आहे," मी म्हणाले. "तिला आहे हे आपल्याला माहीतच होतं. सोहेलचं अजून काहीच कळलेलं नाही."

रफीकभाईंनी रिपोर्ट घडी करून खिशात टाकला. दोघांनी चहा पिऊन भातकुलीची गाडी पकडली. भातकुलीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीला नवीन तार भरून द्यायचे. पण त्या वर्षी विहिरीच कोरड्या, त्यामुळे मोटारी जळायलाही तयार नव्हत्या, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

महिन्याभराने ते पुन्हा आले. यावेळी रिपोर्ट नव्हता, उर्दू पेपरचं एक कात्रण होतं. मला उर्दू वाचता येत नाही, म्हणून त्यांनीच बोट ठेवून वाचून दाखवलं. शास्त्रज्ञांनी माकडांना आधी सलाइनमधून अँटीबॉडी दिल्या. मग माकडांच्या जातीचा तसलाच विषाणू त्यांना दिला, आणि बऱ्याच माकडांना तो लागलाच नाही.

"बंदर आन् मानूस सारकेच ना, मॅडम?"

"काही काही तर जास्तच सारखे," मी म्हणाले. मला कळलं होतं गाडी कुठे चालली आहे.

सोहेलचे सहा महिने भरत आले होते. त्या वेळचा आमचा नियम असा होता. बाळंतपणात आईला आणि बाळाला औषधाचा डोस. मग सहा महिने फक्त आईचं दूध, कारण डब्याचं दूध आणि घाणेरडं पाणी यांनीही लेकरं दगावत होती. सहा महिने झाले की आईचं दूध एकदम बंद, कारण त्या दुधातून विषाणू जातो. आता आईलाच रोज गोळ्या देतात आणि बाळाला पाज म्हणतात. तेव्हा आमच्या हातात त्या गोळ्या नव्हत्या.

"सोहेलले लागलं नसन, तर त्याले आधीच अँटीबॉडी भेटून राहिल्या ना?" रफीकभाई म्हणाले. "त्या बंदरावानी. आईच्या अंगातून. मंग दूध काहून बंद करायचं? चालूच ठेवतो आमी."

माणूस बिनडोक असता तर सोपं होतं. त्यांचा हिशेब बरोबर लागत होता, आणि धोका त्यातच होता. रोज दूध चालू राहिलं तर जे लेकरू आतापर्यंत वाचलं असेल, ते आपल्या डोळ्यादेखत जाणार. मी उठून आमच्या मेडिकल ऑफिसरांकडे गेले. सरांनी मान वर न करता सांगितलं, "माकडांचं माकडांना. दूध बंद करा म्हणा, आणि पुढचा पेशंट घ्या."

मी परत आले ती तणतणतच. लाइट गेली होती. खिडकीच्या उजेडात आम्ही तिघं बसलो, सोहेल शबानाच्या पदराशी चाळा करत होता.

मी म्हणाले, बातमी खोटी नाही. पण त्या अँटीबॉडी निवडून निवडून घेतलेल्या, एकदम जबर, आणि भरपूर दिलेल्या. हा विषाणू सोंगाड्या आहे. शरीर त्याचं एक रूप ओळखून अँटीबॉडी तयार करतं, तोवर तो दुसरं रूप घेतो. साध्या अँटीबॉडी त्याला ओळखतात, पण धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून तर त्या अंगात असूनही माणूस आजारी पडतो. शिवाय माकडांना सलाइनमधून नुसत्या अँटीबॉडी मिळाल्या. इथे दुधातून अँटीबॉडी जातात आणि विषाणूही जातो. एकाच नळाने दोन्ही.

रफीकभाई मान हलवत होते, पण ती मान पटल्याची नव्हती. त्यांनी कात्रण पुन्हा उघडलं. आणि तेवढ्यात शबाना बोलली. इतक्या दिवसांत ती माझ्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलली नव्हती.

"त्या बंदराचं राहू द्या, मॅडम. हे तो कागद माझ्यासाटीच घेऊन आले. दूध तोडायचं म्हटलं तं मी तीन रोज जेवली नाई. घरात कोनाले आमची बिमारी मालूम नाई. सासू म्हनते, दोन साल दूध म्हनजे लेकराचा हक हाय. सहा महिन्यात तोडलं तं इचारतीन, काहून तोडलं? मी काय सांगू?"

म्हणजे माकडं, शास्त्रज्ञ, सगळं निमित्त होतं. बायकोचं रडणं बघवेना म्हणून या माणसाने पेपरात उत्तर हुडकलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण सासूबाईंना काय सांगायचं, ते मलाही सुचेना.

शबानालाच सुचलं. ती नवऱ्याकडे वळली.

"दोघायची मर्जी असली तं दोन सालाच्या आधी सोडवता येते, कुरानातच हाय. तुमालेबी मालूम हाय. अम्मीले तुमी सांगा, आमी दोघांनी ठरवलं म्हून. पुढचं कोनी इचारनार नाई. माझी मर्जी हाय. तुमची हाय का?"

रफीकभाई कात्रणाची घडी करत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "हाय."

मला तिथेच रडू आलं. पेशंटसमोर रडू नये असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. शिकवणाऱ्यांना जिन्याखाली बसवायला पाहिजे होतं.

पुढचं वर्ष माझा जीव टांगणीला लागला होता. शेजारच्या म्हशीचं दूध उकळून, वाटी-चमच्याने पाजायचं, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. सोहेलला दोनदा जुलाब झाले आणि दोन्ही वेळा मला वाटलं, दूध तोडायला लावलं तेच चुकलं. दोन्ही वेळा पोरगं सलाइनवर राहून उठलं. राजापेठेतल्या घरी माझी लेक म्हणायची, आई, तू आमच्या तापाला एवढी घाबरत नाहीस.

अठरा महिने झाले तेव्हा सोहेल आपल्या पायांनी खोलीत आला आणि आल्या आल्या माझ्या कापसाचा डबा उलथा केला. मी रक्त घेतलं. तेव्हाच्या आमच्या टेस्टला कंगव्यासारखी पट्टी असायची, एका माणसाला एक दात. दातावर एक ठिपका आला म्हणजे टेस्ट नीट झाली. दुसरा ठिपका आला म्हणजे अँटीबॉडी आहेत. मी पट्टी धुतली, खिडकीपाशी नेली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. सोहेलच्या दातावर एकच ठिपका होता.

"निगेटिव्ह आहे," मी म्हणाले. "सुटला पोरगा. अभिनंदन तुमचं."

रफीकभाई स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागले. शबाना मात्र तशीच उभी.

"मॅडम, माझ्या त्या अँटीबॉडी गेल्या का मंग त्याच्या अंगातून?"

"गेल्या. सगळ्या गेल्या."

"मंग माझं काईच नाई राहिलं त्याच्यात."

मी सोहेलला उचलून तिच्यासमोर धरलं.

"हे नाक बघ. तुझंच आहे, जसंच्या तसं. हे कुठल्याच टेस्टमध्ये निगेटिव्ह यायचं नाही."

तेव्हा ती हसली, आणि मग रडली.

पुढे रिटायर होईपर्यंत लेकरांचे निगेटिव्ह रिपोर्ट मी पुष्कळ दिले. पण अभिनंदन करायची घाई पुन्हा केली नाही. आधी आईच्या तोंडाकडे बघायचे.