मावशीच्या दातांचं माप

त्याला सगळे भिंगरी म्हणत. बाप्तिस्म्याच्या वेळी चांगलं नाव ठेवलं होतं, पण लहानपणी तो दोन मिनिटं एका जागी टेकला की लोक कपाळाला हात लावून ताप बघत, त्यामुळे हेच नाव चिकटलं. आता बेचाळिशी उलटली, कपाळ मागे सरकलं, तरी पायाची भिंगरी काही सुटली नव्हती.

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. डॉक्टर जबड्याचं माप घेऊन आत पाठवत. हा त्यात प्लास्टर ओतून साचा काढी आणि साचा ओला असतानाच त्याच्या बुडाला खिळ्यानं नंबर कोरी. एकदा का तो वाळला, की नीट कोरता येत नाही. हात असा सफाईदार, की त्याची कवळी बसवलेला माणूस महिन्याभरात शेंगदाणे खायला लागे.

पण साचा हाती आला की त्याचा अंगठा आधी साच्यातल्या टाळूवरून, म्हणजे तोंडाच्या छतावरून, फिरायचा. त्याच्या स्वतःच्या टाळूवर मधोमध, किंचित डावीकडे कललेला, हरभऱ्याएवढा हाडाचा उंचवटा होता. डॉक्टर एकदा म्हणाले होते, हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं, आणि तसंही शंभरात दहा-पंधरा जणांना असतंच. भिंगरीनं पहिला अर्धा भाग मनावर कोरून घेतला आणि दुसरा कानाआड केला. कारण त्याला घराणंच नव्हतं. चर्चच्या मागच्या ओट्यावर टॉवेलात गुंडाळलेला सापडला होता तो. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशीनं त्याला उचललं आणि वाढवलं. एवढाच त्याचा इतिहास.

अगदी आपल्यासारखाच उंचवटा असलेले साचे तो वेगळ्या फळीवर ठेवी, न जाणो त्यात आईचा निघाला तर. एकवीस वर्षांत अकरा जमले होते. त्यातले नऊ पुरुष, एक बाई परगावची, एक त्याच्याहून लहान. तरी टाकवत नव्हते. पाळकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, अरे, तू देवाचं लेकरू आहेस, आणखी कोणाचं व्हायचंय तुला? भिंगरीनं मान डोलावली. मनात म्हणाला, तुमचं ठीक आहे, तुमच्या घरी आजोबांचा फोटो आहे. चर्चमध्ये तो दाराजवळ बसायचा, गुडघा हलवत, आणि शेवटच्या प्रार्थनेआधीच सटकायचा.

आणि मग बारावा साचा आला. उंचवटा तोच, तसाच किंचित डावीकडे कललेला. बाई, वय अडुसष्ट. भिंगरीची झोप उडाली. जेवताना घास तोंडात तसाच राहू लागला. दवाखान्यातली बाई चहाला गेल्यावर त्यानं वहीतून पत्ता पाहिला, हे काही बरं केलं नाही, आणि डॉक्टरांना सांगितलं की कवळी मीच नेऊन देतो, माझ्या वाटेवर आहे. वाटेवर कसली? शहराचं दुसरं टोक ते.

रविवारी सकाळी मावशीनं नेहमीसारखं त्याच्या दारात थांबून विचारलं, येतोस ना चर्चला? काम आहे म्हणून तो निघाला.

बाई तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहत होत्या. कवळी नीट बसते का ते पाहता पाहता त्यानं आडून आडून विचारलं, घरात आणखी कोणाच्या टाळूवर असं आहे का? बाई म्हणाल्या, आम्ही सहा बहिणी, माझ्या एकटीलाच. त्यांनी लग्न केलं नव्हतं. बारावीपासून चाळिशीपर्यंत आजारी आईचं अंथरूण सांभाळलं होतं. मूल नाही, बाळ नाही. कशाचाही संशय न येता त्यांनी हे सगळं आरशात दात बघत बघत सांगितलं.

बाईंनी बिस्कीट कडकन मोडून खाल्लं आणि खूश होऊन विचारलं, "तुमच्या आईचे दातही तुम्हीच केले असतील ना?"

भिंगरी पिशवी उचलून निघाला. जिना उतरताना त्याला मावशी दिसू लागली, चहात पाव भिजवून गिळणारी. तीन वर्षं. पूर्वी दर रविवारी शास्त्रपाठ तीच वाचायची, खणखणीत. मग तिनं सोडलं. डोळे साथ देत नाहीत, म्हणाली होती, आणि यानं ते मानलं होतं, ती सुईत दोरा ओवताना समोर बसून. शेकडो परक्या जबड्यांवरून त्याचा अंगठा फिरला होता. हिच्या तोंडात त्यानं डोकावून पाहिलं नव्हतं, कारण तिथे आपलं काही सापडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तो मापाचं सामान घेऊन तिच्या खोलीवर गेला. मावशी ओट्यापाशी पाव भिजवतच होती.

"कधी बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"तू शोधत होतास. मध्ये आपलं दातांचं रडगाणं कशाला?"

तिला फळीचं ठाऊक होतं तर. तो खाली मान घालून वाडग्यात मापाचा गुलाबी लगदा कालवत राहिला. मावशीच पुढे बोलली, बोळक्या तोंडानं, शब्द सांडत. "त्या दिवशी मी काही झाडायला आले नव्हते. सासरच्यांनी हाकललं होतं, माहेरी दार लागलं होतं. ओट्यावर रडायला बसले, तर शेजारी तू, माझ्याहून मोठ्यानं रडणारा. तू कोणाची, असं देवानं मला विचारलं नाही, सरळ आत घेतलं. मग मी तुला कुठल्या तोंडानं विचारणार?"

"आ कर," तो म्हणाला. दुसरं काही बोलला असता तर रडला असता. एका हातानं तिची हनुवटी धरून त्यानं माप घेतलं. ती उबळ दाबत, डोळ्यांत पाणी आणून बसून राहिली.

दवाखान्यामागच्या खोलीत येऊन त्यानं प्लास्टर ओतलं. टाळू सपाट, गुळगुळीत. नंबर कोरायला खिळा घेतला, पण हा काही रोग्याचा साचा नव्हे. काय लिहावं या विचारात तो येरझाऱ्या घालत राहिला आणि प्लास्टर वाळून गेलं.

तिसऱ्या रविवारी मावशी शास्त्रपाठाला उभी राहिली. आवाज तोच, फक्त मध्येच कवळी कटकन वाजली. दाराजवळ बसलेल्या भिंगरीच्या कपाळाला घाम फुटला. घाईत काम केलं की असंच होतं, त्यानं स्वतःला शिव्या दिल्या, चर्चमध्ये देता येतील तेवढ्या. तिनं बोटानं कवळी वर दाबली आणि पाठ पुरा केला. मग आपली पुढची जागा सोडून ती मागे आली आणि त्याच्या शेजारी बसली. आता सटकायची वाट बंद.

"डावीकडे टोचतंय," ती कुजबुजली.

"दुपारी घासून देतो, आई."

बेचाळीस वर्षं ती मावशी होती. तिनं गीतांचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, पुन्हा मिटलं.

"मग जेवायलाच ये," ती म्हणाली.