उघाडीतला दगड

हौसाकाकी म्हणजे आमच्या गावचा भोंगा. वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून आमची भातशेती. बांधाला उघाडी असते, म्हणजे झडप. भरतीला ती पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. मासळी आत यावी म्हणून कोणी झडपेत दगड अडकवला, की खारं पाणी शिरून भात गेलंच. असा दगड घालणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार काकीने भर रस्त्यात केलेला मी ऐकलाय.

तिचे यजमान जनूकाका उघाडी राखायचे. ते गेले. त्यांचा आवाज उरला तो एकाच व्हिडिओत, घरच्या कंप्युटरवर. मुलगा निलेश रोह्याला कंपनीत. तो शिफ्टला गेला की काकी व्हिडिओ लावून बसायची.

एके दिवशी व्हिडिओ उघडेना. पडद्यावर पाटी आली: फुकटचा प्लेयर घ्या, आधी फायरवॉल बंद करा. बाण दाखवील तिथे काकी बटणं दाबत गेली. व्हिडिओ राहिला बाजूला, जाहिरातींचा शिमगा सुरू झाला. जनूकाका पुन्हा ऐकू येणार नाहीत या भीतीने तिने मला हाक मारली. मला तरी काय कळतंय त्यातलं!

दुपारी निलेश आला. त्याने आधी इंटरनेटची वायर उपसली.

"आये, फायरवॉल कोनी बंद केली?"

"मी. पन ती हाय तरी काय?"

"कंप्युटरची उघाडी. आपन मागवलं तेवढंच आत येतं, बाकी बाहेरच अडतं."

काकीचा भोंगा एकदम हळू झाला. "म्हंजे दगड मीच घातला?"

"व्हय. आनि तो प्लेयर तर तू हातानं घरात घेतलास. त्याला उघाडी काय करनार? तो येगला काढाय लागंल."

त्याने फायरवॉल चालू केली, प्लेयर काढला, अँटिव्हायरस लावला. काकी जेवायलाही उठली नाही. मला तिची दया आली, आणि खोटं कशाला सांगू, थोडी गंमतही वाटली.

शेवटी खात्रीचा दुसरा प्लेयर टाकल्यावर व्हिडिओ उघडला. गुडघाभर चिखलात उभे जनूकाका समोर बघून ओरडत होते, "दगड कोनी घातला रं? काढ आधी!"

काकीने पदर डोळ्यांना लावला.

"मी घातला वो," ती पडद्याला म्हणाली. "काढला पोरानं."