गरिबांचं ताट

चिंचपाड्याच्या पुढे आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला आमचं देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मी तिथल्या तरुण संघाची सचिव होते त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर आमच्याकडे ठरलं. धडगावकडची मुलंमुली घाट उतरून, जीपमध्ये कोंबून आली होती. त्यात देवळाच्या पाळकसाहेबांनी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावले. एकत्र जेवणातून तरुणांना ख्रिस्ती प्रीती कशी शिकवावी, हा त्यांचा विषय होता. सगळे त्यांना ब्रदर म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं.

ब्रदरांनी आधी फोन करून जेवण कळवलं होतं. बहुतेकांसाठी साधं गावचं जेवण आणि थोड्या जणांसाठी नवापूरच्या हॉटेलातून पनीर, पुलाव, गुलाबजाम. आम्हाला वाटलं हॉटेलचं पाहुण्यांसाठी असेल. शहरातली माणसं आपलं खाणं सोबत घेऊनच फिरतात, हे आम्हाला ठाऊक होतं.

आईने आणि मंडळीतल्या बायकांनी मात्र साध्याचा अर्थ आपल्या परीने लावला. डोंगरातून लेकरं आली आहेत, त्यांना चांगलं घातलं पाहिजे, असं त्यांचं ठरलं. पहाटेपासून चुली पेटल्या. सालीसकट उडीद भाजून, भरडून घट्ट डाळ शिजवली, त्यावर लसूण आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे लग्नात ही डाळ नसेल तर वऱ्हाडी नावं ठेवतात. बायका भाकरी थापत राहिल्या आणि टोपल्या भरत गेल्या.

दुपारी ब्रदरांनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. पिवळी चिठ्ठी आली तो खुर्चीवर, टेबलावर चादर, समोर पनीर. ज्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या, त्यांनी जमिनीवर बसायचं, वर्तमानपत्राच्या कागदावर खायचं, बोलायचं नाही, आणि पाणी हवं असेल तर टेबलाकडे हात पसरायचा. मला पांढरी आली. ब्रदरांनी मोबाइलवर रडकं संगीत लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. असा चेहरा मी फक्त दात दुखणाऱ्या माणसाचा पाहिला आहे.

आम्ही जेवू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि जमिनीवरच्यांना विचारलं, आत काय जाणवतंय. मग धडगावकडची एक मुलगी, नर्सिंगला जाणारी, म्हणाली, "डाळ चांगली झाली आहे. अजून मिळेल का?"

सगळे हसले. ब्रदर हसले नाहीत. त्यांनी तिला भूमिकेत राहायला सांगितलं. तिला ते कळलं नाही, आणि तिने पुढे केलेला कागद तसाच धरून ठेवला. आई भाकरीच्या टोपलीत डाळीचं पातेलं ठेवून तिला वाढायला वाकली, तेव्हा ब्रदरांनी आईच्या हातातल्या टोपलीकडे बोट केलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे नीट पाहा, हे या देशातल्या गरिबांचं ताट आहे, आज आपण त्यांच्या दुःखाची चव घेतो आहोत.

आईला मराठी समजतं, पण पुस्तकी मराठी एवढ्या वेगाने नाही. तिने मला आमच्या मावची बोलीत विचारलं, काय म्हणतो. मी जसंच्या तसं सांगितलं. मला ते मऊ करून सांगण्याची काही गरज वाटली नाही. तिने टोपली खाली ठेवली. मग ती जे बोलली ते मी उभी राहून मराठीत सांगितलं.

"आई विचारते आहे, आम्ही गरीब आहोत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

पाळकसाहेब जमिनीकडे पाहू लागले. कोणीही शहाणा माणूस इथे माफी मागून मोकळा झाला असता. ब्रदरांचा चेहरा मात्र खुलला. ते म्हणाले, "पाहिलंत? हीच प्रतिक्रिया या खेळातून बाहेर यायला हवी होती." आणि त्यांनी टाळी वाजवली. पाळकसाहेबांनीही लगेच वाजवली. पुण्याच्या माणसाच्या टाळीला एकटं सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आईने टोपली उचलली आणि पुढे वाढत गेली. एवढं मला आठवतं की तिने नंतर कुणाच्याच चेहऱ्याकडे पाहिलं नाही, फक्त कागदांकडे.

तेवढ्यात टेबलावरची मुलं एकेक करून खाली आमच्यात येऊन बसू लागली. ब्रदरांचा आवाज भरून आला. श्रीमंतांची अंतःकरणं कशी द्रवली ते त्यांनी सांगितलं, आणि फोटो काढायची धांदल उडाली. माझ्या शेजारी जो टेकला तो माझा चुलतभाऊ. मी त्याला हळूच विचारलं, तुझं काय द्रवलं. तो म्हणाला, पनीर आंबलं आहे.

त्यातला एक फोटो पुढे त्यांच्या संस्थेच्या भिंतीवर लागला असं ऐकलं. खाली नक्कीच पश्चात्तापाचं काही लिहिलं असणार.

सगळ्यांचं झाल्यावर आईने घरून स्टीलचं ताट आणलं, धुतलं, पुसलं, त्यात भाकरी आणि डाळ वाढली आणि मला ब्रदरांकडे पाठवलं. सकाळपासून प्रीतीने एकत्र जेवण्यावर बोलणारा तो माणूस एकदाही कुणाच्या पंगतीला बसला नव्हता. ते पाळकसाहेबांच्या ओट्यावर बसून बंद बाटलीतलं पाणी पीत होते. मांडीवर बिस्किटांचा पुडा. मी म्हटलं, ब्रदर, जेवून घ्या. त्यांनी पोटावर हात ठेवून सांगितलं की बाहेरचं त्यांना सोसत नाही. मग मला आशीर्वाद देऊन बिस्किट पुढे केलं. मी घेतलं नाही. ते ताट मी तिथेच, त्यांच्या समोर बसून संपवलं. त्यांनी मान वळवून मोबाइल काढला.

त्या माणसाचा मला कधी राग आला नाही. राग यायला माणूस निदान बरोबरीचा लागतो. वाईट वाटलं ते आईच्या पहाटेचं.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी पुन्हा त्यांनाच बोलवायचा विषय काढला. तरुण संघाच्या सभेत एकही हात वर गेला नाही. शिबिर आम्ही धडगावकडे नेलं. तिथल्या मुलांनी आम्हाला लाकडं फोडायला आणि नागलीचं पीठ मळायला बसवलं. माझ्या भाकरी तव्यावर फाटत होत्या, आणि ती नर्सिंगची मुलगी त्या बाजूला काढून स्वतःच्या पानावर घेत होती. पाळकसाहेबांनी जेवणाआधी प्रार्थना केली. ती त्यांच्या मानाने लहान होती, कारण डाळ निवत होती आणि कुणी डोळे मिटलेलेच नव्हते.