रेजिनाची लेक सिस्टर होते

आम्ही चौघीजणी रोज सकाळी वसईच्या किल्ल्याकडे चालायला जातो, वजन कमी करायला. वजन आहे तिथेच आहे, किस्से मात्र वाढतच चाललेत! त्यातले निम्मे पाचूबंदरच्या रेजिनाचे. तिचा नवरा इनास स्वतःच्या मासेमारीच्या बोटीवर तांडेल, एकुलती लेक सँड्रा स्कॉलरशिपवर अमेरिकेत. पोरगी इतकी बुजरी, की आमच्याकडे आली तरी पाणी हवं म्हणून आईला कोपर मारायची. ही तिकडे एकटी पडणार, या धास्तीने आमच्यापैकी फक्त रेजिनाचंच वजन उतरलं.

* * *

एक दिवस सँड्राचा फोन आला. "मम्मी, मला सिस्टर व्हायचंय. सोरॉरिटी असते इथे, ग्रीक अक्षरांची नावं..." आणि नेटवर्क गेलं!

आता आमच्या वसईत सिस्टर म्हणजे कॉन्व्हेंटमधली. रेजिना पोटभर रडली, मग तोंड धुऊन म्हणाली, "एकुलती हाय, पन देवानंच मागितली तर नाय कसं म्हनायचं?" आणि थेट चर्चमध्ये लेकीच्या नावाने मिसा, म्हणजे प्रार्थना, सांगायला गेली.

फादरनी विचारलं, "कुठल्या संघाच्या सिस्टर?"

"ग्रीक कायतरी हाय, फादर."

फादर विचारात पडले. "ग्रीक? मग ऑर्थोडॉक्स असतील. हरकत नाही, देव एकच!"

* * *

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. सोरॉरिटी म्हणजे कॉलेजच्या मुलींचा क्लब, एकमेकींच्या बहिणी म्हणवून एका घरात राहायचं. रेजिनाचा जीव भांड्यात पडला, पण इनासच्या कानावर आलं होतं की अशा ठिकाणी नव्या मुलींना छळतात. एरवी फोनवर 'हां' आणि 'ठेव' एवढंच बोलणारा माणूस, त्याने स्वतः फोन लावला.

"पोरी, आमच्या बोटीवर नवा खलाशी आला की आधी त्याला जेवायला वाढतात, मग कामाला लावतात. तिथं आधी छळ असंल, तर उठायचं नि चालू लागायचं. मला फोन कर, कधीपन. का निघालीस ते मी विचारनार नाय."

मी दोन मुलं वाढवली, पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

* * *

तिथली पद्धत अशी, की नव्या मुलींनी अशा क्लबांच्या घरोघरी जाऊन भेटायचं, गप्पा मारायच्या, मग कुणाला घ्यायचं ते घरवाल्या ठरवणार.

"म्हनजे बघायचा कार्यक्रमच की!" रेजिना म्हणाली. "पोहे कोन करतं?"

सँड्राला आवडलेल्या घराने नकार दिला. पोर फोनवर ढसाढसा रडली. रेजिनाने पदर खोचला, त्या घराचा नंबर दे म्हणाली. इनासने फोन काढून घेतला. "तू बोललीस तर ते तुला घेतील गं, तिला नाय!"

मग लेकीला म्हणाला, "आज रड. उद्या दुसऱ्या दारात जा."

ती गेली. आणि दुसऱ्या घराने घेतली!

* * *

मग प्रवेशाचा सोहळा. सँड्राने कळवलं, पांढरा ड्रेस हवा, मेणबत्त्या असतील, शपथ असेल, आणि आतलं काही बाहेर सांगायचं नाही.

रेजिना ड्रेस शिवायला बसली. इनास बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "अगं, एकदा नीट विचार. ही खरंच सिस्टर तर होत नाय ना?"

* * *

परवा चालताना रेजिनाचा फोन वाजला. आपली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. पलीकडे कुणी मुलगी रडत होती, ते आम्हालाही ऐकू येत होतं. बोलणं सगळं इंग्रजी. रेजिनाचं इंग्रजी 'थँक यू'च्या पुढे जात नाही, तरी ती कठड्यावर बसली आणि आपल्या भाषेत सुरू झाली. "रड गं बाय, रड. जेवलीस काय? कोन बोललं तुला? मी हाय ना." पलीकडून इंग्रजी, इकडून पाचूबंदर! चालणं राहिलं बाजूला, आम्ही तिघी तिथेच उभ्या. हळूहळू पलीकडचं रडणं थांबलं, मग हसूही ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण गं?"

"लेक माझी."

"सँड्रा? ती कधीपासून इंग्रजीत रडायला लागली?"

"सँड्रा नाय," रेजिना डोळे पुसत म्हणाली, "तिच्या त्या घरातली दुसरी."